शून्य लिहिलेल्या दिवसांचं काय करायचं?

कर्नाटकातल्या, सीमेलगतच्या निपाणीजवळच्या एका गावातून आलेलं हे पत्र सात पानांचं आहे. थोडक्यात सांगायचं तर लिहिणारे ४१ वर्षांचे आहेत, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून आहेत आणि अकरा वर्षं कथा लिहितात. नऊ कथा दिवाळी अंकांत आल्या. रोज किती शब्द लिहून झाले ते तीन वर्षं ते एका वहीत मांडून ठेवतात. आकडा पाचशेच्या वर गेला की दिवस सोन्याचा. शून्य आलं की जेवण जात नाही, घरात चिडचिड होते, आणि परवा दहा वर्षांच्या मुलीवर विनाकारण हात उगारला गेला. आईवर लिहिलेली कथा यंदा एका दिवाळी अंकाकडून परत आली, 'भाषा फार स्थानिक आहे, कन्नड शब्द काढा' असा शेरा होता. एका प्रकाशकानं संग्रह काढायला ४५,००० रुपये मागितले. ते विचारतात, 'नोकरी सोडून पुण्याला जाऊ आणि पूर्ण वेळ लिहू, की हे सगळं कायमचं बंद करू? माझ्यात दम असता तर रोज लिहून झालं असतं ना? आणि इथं सीमेवर बसून लिहिलेलं वाचणार तरी कोण?'

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतची कथा तीनदा. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळं.

वहीच्या पानाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. गेल्या वर्षीच्या जूनमधलं पान आहे. '१२ जून – ६४०. १३ जून – ०. १४ जून – ८५, खोडले. १५ जून – ०.' शून्य तुम्ही इतक्यांदा गिरवलंय की कागद फाटायला आलाय. माझी नजर त्या १३ जूनवर अडकली. कारण पत्राच्या पाचव्या पानावर, दुसऱ्याच कशाबद्दल लिहिताना, तुम्ही सांगता की त्या संध्याकाळी पावसानं निपाणी स्टँडवर दीड तास गाडीच लागली नाही. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "हात थांबलं की मला झोपच येत न्हाई बघ."

तुमच्या कथेचं शेवटचं वाक्य हेच आहे. अख्ख्या कथेत मला सगळ्यांत लागलेलंही हेच. ते तुम्हाला १३ जूनला मिळालं आणि वहीत त्या तारखेपुढं शून्य आहे. मग ही वही नेमकं काय मोजते?

मला वाटतं, हा हिशेब तुम्ही कुणा लेखकाकडून शिकलेला नाही, तो तुमच्या घरातला आहे. तुमची आई तीस वर्षं बिड्या वळत होती. मजुरी हजार बिड्यांवर. संध्याकाळी कारखान्यात बिड्यांचे कट्टे घेऊन जायचं, तपासणारा चेकर बोटानं चाचपून छाट, म्हणजे खराब बिड्या, बाजूला काढणार, आणि छाट गेली की उरेल त्याचेच पैसे. अशा घरात वाढलेल्या मुलाला दिवस मावळताना हातात आकडा नसला तर दिवस बुडाल्यासारखं वाटणारच. यात लाजण्यासारखं काही नाही. अकरा वर्षं कुणी मागे लागलेलं नसताना तुम्ही टेबलापाशी बसत आलात, ती चिकाटीही त्याच घरातून आली आहे.

पण आईचाच दिवस पुन्हा एकदा आठवून बघा. माझी मावशी निपाणीत हेच काम करायची, त्यामुळं त्या घराचा तंबाखूचा आणि ओल्या पानांचा वास मला अजून आठवतो. रात्रीची भांडी झाली की मावशी बिडीच्या पानांचे पुडे सोडायची, पाण्यात बुडवायची, निथळून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पान मऊ पडलेलं असायचं. मग त्यावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, जाड शिरा काढायच्या. एवढं झाल्यावर सूप मांडीवर यायचं. कोरडं पान वळायला घेतलं तर तडकतं. भिजवण्याची, कापण्याची वेगळी मजुरी नव्हती, पैसे वळलेल्या हजाराचेच. तरी पानं भिजत घालून झोपताना 'आज काम झालं नाही' असं मावशीनं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्या स्टँडवर तुमचं पान भिजत होतं. म्हणून नुसतं बाकावर बसून राहिलं की कथा होते, असाही अर्थ काढू नका. भिजवलेलं पान आठ दिवस पोत्यात तसंच राहिलं तर त्याला बुरशी येते, हेही मी पाहिलंय. वळायला बसावं लागतंच.

तेव्हा वही बंद करू नका, तिच्यातला रकाना बदला. शब्दांचा आकडा काढून टाका. त्याजागी किती वेळ बसलात ते लिहा आणि खाली एकच ओळ, त्या दिवशी कथेबद्दल काय कळलं त्याची. 'आई चेकरशी भांडणार नाही, गप्पच राहील' एवढंसं कळलं तरी ती ओळ झाली. पाऊण तास बसणं तुमच्या हातात आहे, पाचशे शब्द नाहीत. उठताना प्रसंग पूर्ण करून उठू नका. पुढचं वाक्य माहीत असतानाच पेन ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाशी झटापट नाही. आणि आज लिहिलेलं आज रात्री वाचायचं नाही, हे तर अगदी निक्षून सांगते. मी एक वर्ष प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक खूण करत होते, चांगला दिवस की वाईट. दोन महिन्यांनी खुणा झाकून पानं वाचली तर कुठलं पान कुठल्या दिवसाचं ते मलाच सांगता येईना. तेव्हापासून संध्याकाळच्या माझ्या मताला मी फारशी किंमत देत नाही.

'दम असता तर रोज लिहून झालं असतं' हे कुठून आलं? आपल्याच बाजूचं उदाहरण देते. प्रकाश नारायण संत कऱ्हाडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. लंपन या त्यांच्या छोट्या नायकाची पहिली कथा साठच्या दशकात छापून आली आणि पहिला संग्रह आला नव्वदच्या दशकात. मधली सगळी वर्षं कुठल्या वहीत मांडली असती तर किती शून्यं झाली असती! त्यांच्या आई, इंदिरा संत, बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात नोकरी करत कविता लिहीत राहिल्या. ही मोठी माणसं, आपण त्यांच्या पासंगाला पुरणार नाही हे मला कळतं. पण रोजचा आकडा ही लेखकपणाची कसोटी नाही, एवढं तरी त्यांच्याकडं बघून मान्य करायला हरकत नसावी.

तुमच्या बाबतीत आणखी एक साधी गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात कशी आली नाही याचं मला नवल वाटलं. फोटो फक्त जूनचा आहे, पण पत्रात तुम्ही लिहिता की सगळ्यांत जास्त शून्यं डिसेंबर-जानेवारीत येतात. अहो, तो गळिताचा हंगाम! रात्री आठ ते पहाटे चारची पाळी, काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, प्रत्येकाला पावतीची घाई. पहाटे घरी येऊन माणूस झोपणार की संवाद लिहिणार? हंगामात लिहिण्याची अपेक्षाच सोडून द्या. शर्टाच्या खिशात छोटी डायरी ठेवा आणि ऐकलेलं टिपत जा, बस्स. काट्यावर बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या, चिकोडी-रायबागचे शेतकरी, कन्नड बोलणारे ड्रायव्हर असे सगळे तुमच्या खिडकीशी येऊन उभे राहतात. इतकी बोलणी कानावर पडायला पुण्यातल्या लेखकाला मुद्दाम प्रवास करावा लागेल. मार्चनंतर कारखाना थंडावतो. एप्रिल, मे, जून हे तुमचे वळायला बसायचे महिने. दिवाळी अंकांचं चक्रही याला जुळून येतं. संपादकांची बोलावणी साधारण मे-जूनमध्ये सुरू होतात आणि जुलै-ऑगस्टपर्यंत बहुतेक मजकूर हाती लागतो. ज्यांचं काम शेतीवर, शाळेवर किंवा परीक्षांवर चालतं अशा लिहिणाऱ्यांनीही आपलं वर्ष एकदा असं मांडून बघावं. महिन्यांकडं बघितलं की एकेका दिवसाचा धाक कमी होतो.

आता पत्रातली ती ओळ, जिच्यापाशी मी सगळ्यांत जास्त वेळ थांबले. मुलीवर हात उगारलात. तुम्ही ते एका ओळीत उरकलंय, पण अक्षर तिथं बदललंय. तुमच्या शून्याचं त्या लेकराला काय माहीत? तिला फक्त एवढंच कळतं, की आप्पा टेबलावरून उठले की जपून राहायचं. तिच्याजवळ बसा आणि चूक माझी होती असं स्वच्छ शब्दांत सांगा. टेबलावरून उठल्यावर दहा मिनिटं घराबाहेर चालून या आणि मगच माणसांत मिसळा. हा नियम मी स्वतः पाळते. आणि जेवण न जाणं, झोप न लागणं, कशातच मन न रमणं हे दोन-तीन आठवड्यांच्या पुढं गेलं, तर त्याला लेखकाचा स्वभाव म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, सरकारची टेली-मानस ही फोनवरची मोफत मानसिक मदत सेवा १४४१६ या नंबरवर आहे. उदास राहिल्यानं चांगलं लिहिता येतं, ही समजूत फार घातकी आहे. मी जवळची माणसं तिच्यापायी खचलेली पाहिली आहेत.

परत आलेल्या कथेकडं वळते. संपादकांचं सगळंच चुकलं असं मला म्हणता येणार नाही. तुमच्या पहिल्या दोन पानांत मी अकरा कन्नड शब्द मोजले. त्यांतले सात निवेदकाच्या तोंडी आहेत आणि हा निवेदक एरवी सगळं प्रमाण मराठीत बोलतो. ते सात शब्द वर चिकटवल्यासारखे वाटतात, ते काढा. पण आई मुलाला म्हणते, "साकु रं आता," त्याला हात लावू देऊ नका. तुम्हीच लिहिलंय की कन्नड बोलणारा चेकर छाट काढताना आई काही बोलायला गेली की 'साकु' म्हणून तिला गप्प करायचा. तोच शब्द ती घरी घेऊन आली आणि पोरांवर वापरू लागली. तिथं 'पुरे' घातलंत तर अर्थ तोच राहील, पण चेकर कथेतून निघून जाईल. 'कशाला यायलाईस रं उन्हाचं?' हेही तसंच राहू दे. आमच्या बेळगावात 'येऊलालास' म्हणतात. दीड तासाच्या वाटेत क्रियापद बदलतं आणि त्या एका क्रियापदावरून आई कुठल्या गावची ते कळतं. शब्दाच्या पुढं कंसात अर्थ देऊ नका. प्रसंग नीट उभा राहिला असेल तर सातारच्या, नाशिकच्या वाचकाला 'साकु' आपोआप समजेल. समजत नसेल तर प्रसंग पुन्हा लिहायला लागेल.

शिवाय अंकाचं गणित वेगळंच असतं. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं पाडली, आणि आज हे अंक मुख्यतः जाहिरातींवर उभे असतात. जाहिराती कमी आल्या की पानं कमी होतात आणि तुमची चोवीस पानांची कथा आधी बाहेर पडते. कथा परत येण्यामागं अशी दहा कारणं असतात. दोन दिवस वाईट वाटू द्या, तिसऱ्या दिवशी दुरुस्त करून दुसरीकडं पाठवा. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायची, कुठं आणि कधी पाठवली ते वहीत लिहायचं, दोन महिन्यांनी एकदा नम्रपणे विचारायचं. छाट निघाली म्हणून तुमच्या आईनं दुसऱ्या दिवशी सूप मांडीवर घ्यायचं थांबवलं नव्हतं.

नोकरी सोडू नका. हे मी हातचं राखून सांगत नाही, सोडूच नका. एक हिशेब मांडून बघा. २५० रुपयांचं पुस्तक, ५०० प्रती, १० टक्के मानधन. एकूण एक प्रत खपली तरी तुमच्या हातात १२,५०० रुपये येतात, तेही एका फटक्यात नाही. पुण्यात खोलीभाडं किती महिने निघेल त्यात? आणि पोट लिहिण्यावर अवलंबून राहिलं की आज आकड्याची जी भीती वाटते ती दसपट होईल. शून्याच्या दिवशी तुम्हाला आज फक्त वाईट वाटतं, उद्या किराण्याचा प्रश्न पडेल.

४५,००० रुपये मागणाऱ्या प्रकाशकाबद्दल. पैसे घेणारा प्रत्येकजण फसवतोच असं नाही, पण प्रती किती छापणार, तुम्हाला किती देणार, उरलेल्या कुठल्या दुकानांत ठेवणार हे कागदावर मागा. तो टाळाटाळ करायला लागला तर तिथंच थांबा. पतसंस्थेचं कर्ज काढून तर मुळीच पुस्तक काढू नका. करार झालाच तर मुदत आणि हक्क नीट वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १९ प्रमाणं करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. पण 'कायमस्वरूपी' असा शब्द घालून सही घेणारे असतात. ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांचे हक्क छापील पुस्तकाबरोबर गुपचूप निघून जाऊ देऊ नका. खरं सांगू का, नऊ कथांत संग्रहाची घाईच नाही. अजून तीन-चार होऊ देत.

राहता राहिलं 'सीमेवर बसून लिहिलेलं कोण वाचणार'. हा प्रश्न इथं प्रत्येकाच्या मनात असतो, माझ्याही होता. आपली पोरं कन्नड किंवा इंग्रजी शाळेत, दुकानांच्या पाट्या बदललेल्या, आणि पुण्या-मुंबईच्या लेखी आपण लांबचे. पण अखिल भारतीय साहित्य संमेलन बेळगावात १९२९ ला झालं, १९४६ ला झालं, २००० लाही झालं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी या खेड्यांत गावकरी दरवर्षी स्वतःचं संमेलन उभं करतात. मांडवात शेतकरी बसलेले असतात, बायका लेकरं घेऊन आलेल्या असतात, आणि कथाकथन सुरू झालं की कुणी हलत नाही. तिथं एकदा तुमची कथा वाचा. 'यायलाईस' ऐकल्यावर लोकांचे चेहरे कसे होतात ते बघा, मग कुठले शब्द ठेवायचे हे मला किंवा संपादकांना विचारावं लागणार नाही.

यातच एक सावधगिरी. १९४६ च्या त्या बेळगावच्या संमेलनात, कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आपल्याकडं साहित्य आणि सीमाप्रश्न एकाच मांडवात वाढलेत आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्यामुळं इथल्या लेखकाकडून जो तो सीमेवरचीच कथा मागतो. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, 'कथेत आंदोलनाचा प्रसंग घातला तर ती छापली जाईल का?' घालू नका. तुमच्या कथेतली बाई आयुष्यभर दोन भाषांच्या मध्ये बसून बिड्या वळते, चेकर एका भाषेत नाकारतो, ती दुसऱ्या भाषेत घरी येऊन गप्प बसते. सीमा त्यात पूर्ण आलेली आहे.

एक दुरुस्ती मात्र करायलाच हवी. दुसऱ्या पानावर आई सकाळी उठून पानं भिजवते आणि चहा घेऊन लगेच कापायला बसते. एवढ्यात पान मऊ होत नाही. तुमच्या मावशा, शेजारच्या बायका हे वाचतील तेव्हा तिथंच थांबतील. आई घरात आहे, तुम्ही लिहिलंय की तिला अजून सगळं लख्ख आठवतं. तिच्याजवळ बसून विचारून घ्या, पोतं कुठलं असायचं, पानं कितीदा चाळवायची, थंडीत किती वेळ लागायचा आणि पावसाळ्यात किती. मुलीलाही सोबत बसवा.